निद्रारोगासोबत एचआयव्हीही असेल तर: नेक्ट की फेक्सिनिडॅझोल?

काँगोसारख्या देशात काम करायला निघालेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. निद्रारोग म्हणजे त्सेत्से माशीच्या चाव्यातून अंगात शिरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परोपजीवीचा आजार. तिथला निद्रारोग गॅम्बियन्स जातीच्या परोपजीवीचा. त्यावर दोन उपचार आहेत: तोंडाने घ्यायची फेक्सिनिडॅझोलची गोळी, किंवा नेक्ट, म्हणजे एफ्लॉर्निथिन आणि निफुर्टिमॉक्स ही दोन औषधं एकत्र. वर्षानुवर्षं अंगात मुरणारा.

औषध निवडण्याआधी निदान पक्कं करावं लागतं, आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णात घोळ तिथूनच सुरू होतो. कॅट ही गावोगावी वापरली जाणारी कार्ड चाचणी अँटिबॉडी शोधते. शरीर अँटिबॉडीच नीट बनवत नसेल, तर चाचणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. अशा वेळी मानेमागची सुजलेली गाठ सुईने टोचून निघालेला थेंब लगेच काचपट्टीवर घ्यायचा. वळवळणारा परोपजीवी जिवंत आहे तोवरच पटकन नजरेला पडतो.

पाठीच्या मणक्यातून सुईने काढलेल्या, मेंदूभोवती फिरणाऱ्या पाण्याचंही तसंच. त्यात घन मिलिमीटरला पाचपेक्षा जास्त पांढऱ्या पेशी म्हणजे रोग मेंदूपर्यंत पोहोचला, हा नेहमीचा हिशेब. पण नुसत्या एचआयव्हीनेही या पेशी वाढतात. टीबीचा किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असेल तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार लक्षणं गंभीर नसतील तर पाठीतून पाणी न काढता फेक्सिनिडॅझोल देता येतं. एचआयव्ही रुग्णात मात्र मी ही सवलत घेणार नाही. गुंगी निद्रारोगाची की मेंदूत शिरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परोपजीवीची, हे चेहरा बघून कळत नाही.

आता औषधं. फेक्सिनिडॅझोल दहा दिवस, रोज एकदा, पोटभर जेवणानंतर. उपाशीपोटी ते नीट शोषलंच जात नाही. नेक्टमध्ये एफ्लॉर्निथिनच्या सात दिवसांत 14 सलाईन आणि दहा दिवस निफुर्टिमॉक्सच्या गोळ्या. म्हणजे खाट हवी, नर्स हवी, आणि सुईच्या जागी जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं.

सोय बघितली तर गोळी केव्हाही सरस. पण उशिराच्या टप्प्यातल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत 18 महिन्यांनंतर फेक्सिनिडॅझोलचं यश सुमारे 91 टक्के होतं, नेक्टचं सुमारे 98. पाण्यातल्या पेशी शंभरच्या वर असतील तर ही दरी आणखी रुंदावते, म्हणून तिथे नेक्टच. शिवाय फेक्सिनिडॅझोलने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटू शकतात. या पेशी घटवणारं झिडोवुडिन हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर दोन्ही बाजूंनी मार. एचआयव्हीवरचं इफाविरेन्झ आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन यकृतातल्या एन्झाइमचा वेग वाढवून फेक्सिनिडॅझोलचं गणित बिघडवतात. टीबीवर रिफाम्पिसिन चालू असलेल्या रुग्णाला मी नेक्टकडे वळवीन. डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं दुसरं औषध ते एन्झाइम चेतवत नाही, त्यामुळे तिथे फेक्सिनिडॅझोलची वाट मोकळी राहते.

नेक्टही निर्धोक नाही. एफ्लॉर्निथिन परोपजीवीची वाढ रोखतं. उरलेलं काम रुग्णाच्या अँटिबॉडींनी करायचं असतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या प्राण्यांमध्ये एकटं एफ्लॉर्निथिन फसलेलं आहे. म्हणून निफुर्टिमॉक्सचा एकही डोस चुकता कामा नये. शिवाय एफ्लॉर्निथिन अस्थिमज्जाही दाबतं, त्यामुळे रक्तपेशी मोजणं दोन्हीकडे आलंच.

प्रतिकारशक्ती म्हणजे फक्त सीडी फोरचा, म्हणजे एचआयव्ही ज्या पेशी नष्ट करतो त्यांचा, आकडा नव्हे, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जगाला दाखवलं. 2004 साली त्याच्या रक्तात जनावरांना सर्रा हा रोग देणारा ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, निद्रारोगाच्या परोपजीवीचा भाऊबंद, सापडला. त्याला एचआयव्ही नव्हता. माणसाला या परोपजीवीपासून वाचवणारं एपीओएल-1 हे प्रथिनच त्याच्या रक्तात नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

सीडी फोर बरा, डोल्युटेग्रॅव्हिर चालू, पाण्यात पेशी शंभरच्या आत आणि माणूस तपासणीला परत येईल असा भरवसा, एवढं जुळलं तर मी फेक्सिनिडॅझोल देईन. रोग उलटण्याची भीती असल्याने 24 महिने पाठपुरावा लागतो. घर नदीपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर असलेला रुग्ण परत येईलच असं नाही. वॉर्डात खाट मिळत असेल तर त्याला ठेवून घ्यावं आणि नेक्ट सुरू करावं.