कोकणात फिजिशियन: सरकारी नोकरी की स्वतःचं हॉस्पिटल?

एमडी मेडिसिन करून कोकणात परतणाऱ्यापुढे बहुधा दोनच वाटा असतात. कणकवली, सावंतवाडी, दापोली अशा ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयात नोकरी, नाहीतर तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचं आपलं हॉस्पिटल. पगाराचा आणि प्रॅक्टिसचा हिशेब जो तो मांडतोच, तो इथे नको. खरा फरक कळतो पावसाळ्यातल्या रात्री.

समजा, गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, हात ठेवताना बाईला फुरसं हा विषारी साप डसला. सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस फुकट मिळते. साध्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त न गोठता वाहिलं, तर विष भिनलंय, लसीच्या दहा व्हायल (बाटल्या) सुरू. पैशाचा विषय कुणी काढत नाही, तुमचं लक्ष फक्त रोग्याकडे. हेच खाजगीत असेल तर व्हायलमागे शेकड्यांनी रुपये, आणि नातेवाईक काउंटरपाशी एकमेकांची तोंडं बघत उभे. म्हणूनच बरेच खाजगी डॉक्टर सर्पदंश हातात न घेता सरळ सरकारीत धाडतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण दुसऱ्या दिवशी बाईची लघवी कमी झाली, की सरकारी बाजूही लंगडी पडते. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप) रोग्याचंही तेच. डायलिसिसचं मशीन असतं, चालवणारा असेलच असं नाही. मग १०८ बोलवा. सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय, रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूर. घाटात दरड आली असेल तर तो रोगी तुमचाच. दोन्हीकडे तुम्ही एकटेच असता, फक्त सरकारीत निदान निवासी क्वार्टर्समधून दुसरा कुणी डॉक्टर उठून येतो.

मधुमेह, रक्तदाब, हार्ट फेल्युअर यांत मात्र खाजगी प्रॅक्टिस उजवी, आणि बरीच उजवी. सरकारी ओपीडीत माणशी दोन-तीन मिनिटं, पुढच्या वेळी औषध तेच मिळेल याची खात्री नाही, आणि रोग्याची नस कळते न कळते तोच तुमची बदली. आपल्या हॉस्पिटलात अप्पांची गोळी का बंद झाली हे विचारायला वेळ असतो. शिवाय इथले निम्मे निर्णय विरार-डोंबिवलीहून फोनवर होतात. ‘डॉक्टर, अप्पांना मुंबईला आणू का?’ असं विचारणाऱ्या मुलाशी वीस मिनिटं बोललात, तर अनेकदा अप्पांचा सहा-सात तासांचा प्रवास वाचतो. सरकारीत तो फोन घ्यायला हात मोकळा नसतो. गणपतीत चाकरमानी आले की हेच सगळे समोर येऊन बसतात, दहा वर्षांच्या फाइली घेऊन.

मनुष्यबळाचं म्हणाल तर खाजगीत सिस्टर शिकवून तयार केली की ती सरकारी भरतीत लागते. सरकारीत सिस्टर टिकतात, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असतं. रजेचं दोन्हीकडे सारखंच: सरकारीत ती कागदावर, खाजगीत रजा म्हणजे हॉस्पिटलला कुलूप.

ट्रस्टची रुग्णालयं हा मधला मार्ग. चिपळूणजवळच्या डेरवणचं वालावलकर रुग्णालय इथे सर्वांना माहीत आहे. शिकवायची आवड असेल तर तिथे, किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांत जागा बघाव्यात.

माझं मत विचाराल, तर नुकतं एमडी झालेल्याने आधी काही वर्षं सरकारीत काढावीत. तिथे जे बघायला मिळतं ते खाजगीत कुणी तुमच्या दारात आणून ठेवत नाही. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रोगी बघत नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्यांचं काम ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या औषधाने त्यांनी शेकडो जीव वाचवले. त्यांनी नंतर महाडला स्वतःचं हॉस्पिटल चालवलं, हेही लक्षात घ्या. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असतील, त्यातून एकजण भूलतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असेल, तर मात्र पहिल्या दिवसापासून आपलं हॉस्पिटल काढायला हरकत नाही.

जागा बघायला जाल तर डिसेंबरात जाऊ नका, जुलैत जा, तेही रविवारी रात्री. मशीन आहे का हे विचारू नका, ते रात्री चालवतं कोण हे विचारा. आणि भूलतज्ज्ञ राहतो कुठे, हेही.