जिओकॅशिंग की लेटरबॉक्सिंग: पोरांना घेऊन डार्टमूरवर जायचं तर

गेल्या महिन्याभरात दोन जणांनी हेच विचारलं. दोघंही नुकतेच इंग्लंडमधल्या एक्सेटरला रहायला आलेले, दोघांची पोरं सहा ते दहातली, आणि जवळच्या डार्टमूरच्या माळरानावर नुसतं चालायला चला म्हटलं की पोरांचे पाय दुखतात. मग जिओकॅशिंग सुरू करू की ते इथलं लेटरबॉक्सिंग? आम्ही दोन्ही केलंय. आधी वर्षभर लेटरबॉक्सिंग, मग दोन्ही, आणि आता जवळजवळ एकच. आता हे आमच्या घरापुरतं हं, तुमची पोरं वेगळी असतील.

जिओकॅशिंग कसं चालतं ते माहीत असेलच, ॲप उघडायचं आणि लपवलेला डबा, म्हणजे कॅश, शोधायचा (कॅश म्हणजे पैसे नव्हेत, हे आईला फोनवर तीनदा सांगावं लागलं). लेटरबॉक्सिंग त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं आणि अस्सल डार्टमूरचं. १८५४ साली चॅगफर्डच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल नावाच्या दलदलीतल्या जागी एक बाटली ठेवली, एवढ्या चिखलातून तिथवर पोचणारे लोक आपलं कार्ड त्यात टाकून जायचे. पुढे लोक तिथे स्वतःच्याच पत्त्याची पोस्टकार्डं ठेवायला लागले, जो पुढचा येईल तो ती नेऊन पोस्टात टाकणार, म्हणून लेटरबॉक्स. आता डब्यात एक रबरी शिक्का आणि वही असते. त्यांचा शिक्का आपल्या वहीत मारायचा, आपला त्यांच्या वहीत.

आणि खरं सांगतो, हातात घ्यायला लेटरबॉक्सिंगच भारी आहे. आमच्या मुलीने खोडरबर कोरून मोदकाचा शिक्का बनवला, खाली नाव कोरलं ते पहिल्यांदा उलटं उमटलं मग दुसरं खोडरबर, आणि इथल्या लोकांना तो मोदक लसणाचा गड्डा वाटतो ते वेगळंच. पण ती वही तिने उशाशी ठेवली होती. शंभर शिक्के झाले की १०० क्लबात जाता येतं, बॅज वगैरे. जिओकॅशिंगमध्ये त्या जागी काय, तर ॲपवर एक पिवळा हसरा चेहरा. डब्यातल्या कागदावर नाव लिहायचं असतं, डबा मोठा असेल तर आपलं काहीतरी ठेवून त्यातलं खेळणं घेता येतं, पण बरेचदा आत रंग उडालेली गोटी किंवा केसांची क्लिप निघते.

शोधण्यातही फरक आहे. लेटरबॉक्सचा क्लू म्हणजे नकाशावरचा ग्रिड रेफरन्स (चौकटींच्या आकड्यांत दिलेली जागा), त्यावर दोन-तीन बेअरिंग, म्हणजे अमुक टॉर (टेकडीवरचा उघडा कातळ) इतक्या अंशांवर दिसतो, चर्चचा मनोरा तितक्या अंशांवर, आणि शेवटी 'सपाट दगडापासून बारा पावलं'. होकायंत्र आणि ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी खात्याचा, नकाशा वाचता आला पाहिजे. बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा त्यांना हे इतकं आवडलं की हात मागे बांधून तेच पुढे चालायचे आणि नातवाला उत्तर दाखवायला लावायचे. जिओकॅशिंगमध्ये आजोबांना काही काम नव्हतं, फोन पोरांच्या हातात. तो कुणाच्या हातात यावरून आमच्याकडे दर रविवारी भांडण, दोघांच्या पाळ्या लावल्या तर एक जण म्हणणार माझ्या पाळीत नेटवर्कच नव्हतं. नेटवर्क तिथे बऱ्याच ठिकाणी खरंच नसतं, पैसे भरून मेंबरशिप घेतली तर डबे आधीच डाउनलोड करून नेता येतात. आणि टॉरच्या मोठ्या कातळांजवळ ॲपमधला बाण वेड्यासारखा फिरतो, शेवटच्या पाच-सात मीटरला आम्ही फोन सरळ खिशात टाकतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी लेटरबॉक्सिंगच्या बाजूचा आहे. होतोच, हाउंड टॉरपर्यंत.

झालं असं, की ऑक्टोबरातला शनिवार, हवा चांगली, बाबा परत गेलेले, आणि माझ्याकडे एका ओळखीच्याने दिलेली क्लूंची यादी. चार डबे एका फेरीत होतील असं मी नकाशावर आखलेलं. पहिला मिळाला, मुलगी खूष. दुसऱ्याला बेअरिंग लावली, बरोबर जागेवर आलो असं मला वाटलं, आणि समोर दगडांचा खच. डार्टमूर ज्याने पाहिलंय त्याला कळेल, एकेका टॉरच्या उतारावर शेकड्यांनी ग्रॅनाइटचे धोंडे पडलेले असतात आणि प्रत्येकाखाली डब्याएवढी फट असते. सव्वा तास आम्ही चौघं प्रत्येक फटीत हात घालत होतो. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा, आधी मजेत, मग चिडून, मग चिखलात बसून रडायला लागला, आणि हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते बेअरिंगमध्ये लिहिता येणार नाही. तिसराही नाही मिळाला. चौथ्याच्या नावाने कुणी उठलंच नाही. दोन आठवड्यांनी कळलं की ते दोन्ही डबे मालकाने वर्षापूर्वीच काढून घेतले होते. यादी जुनी होती, चूक म्हटलं तर माझीच, ताजी यादी घ्यायला हवी होती. पण शोधत असताना आपण चुकतोय का डबाच नाहीये हे कळायला तिथे काहीच मार्ग नव्हता, आणि मोठ्या माणसाला ह्याची मजा असेल, सहा वर्षांच्या पोराला नसते.

जिओकॅशिंगमध्ये हे होत नाही असं नाही, पण निघायच्या आधी दिसतं. प्रत्येक डब्याखाली लोकांच्या नोंदी असतात, परवाच कुणाला मिळाला, किंवा मागच्या तीन जणांना मिळाला नाही आणि निळे रडके चेहरे टाकून गेलेत. मी आता घरी चहा पिताना एवढंच बघतो, गेल्या महिन्याभरात कुणाला मिळाला असेल तरच तो आमच्या यादीत. त्यानंतर आमचा रिकाम्या हाताने परत यायचा प्रकार वर्षात एक-दोनदाच झाला असेल. बाकी कितीही चांगलं-वाईट असो, माझ्यासाठी तिथेच ठरलं.

अजून एक, हे थोडं स्वार्थी. लेटरबॉक्सिंग इथल्यासारखं घट्ट फार ठिकाणी नाही. अमेरिकेत आहे, पण सुट्टीत भारतात गेलो तर ती वही बॅगेतच. जिओकॅश जगभरात तीस लाखांच्या वर आहेत, पुणे-मुंबईतही मिळतात, विरळ आहेत पण आहेत, आणि मामाच्या पोरांना बरोबर घेऊन शोधायला जी मजा आली ती डार्टमूरवरही नाही आली.

शिक्क्याचं वाईट वाटत असेल तर जिओकॅशिंगमध्येच लेटरबॉक्स हायब्रिड नावाचा प्रकार आहे, जीपीएसने शोधायचा पण आत शिक्का असतो (तो उचलून आणायचा नसतो, आमच्या मुलाने पहिल्यांदा खिशात घातला होता, अर्ध्या वाटेतून परत). संख्येने कमी आहेत. पण मुलीने मोदक बंद केला नाही, साध्या कॅशच्या लॉगबुकातही नावाशेजारी ती तोच मारते, वही पुरेशी मोठी असेल तर.

सुरुवात करणाराला दोन-चार गोष्टी. ॲपवर साइझ लावून घ्या, मायक्रो म्हणजे बोटाएवढी डबी आणि आत कागदाची सुरळी, पोरांचा विरस होतो, स्मॉल किंवा रेग्युलरच धरा. डिफिकल्टी (डबा शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) दोन्ही दोनच्या आत ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये नेचं कमरेएवढं वाढलेलं असतं, डबे दिसत नाहीत आणि गोचिडी चढतात, घरी आल्यावर पोरांच्या गुडघ्यामागे नक्की बघा. उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव असतो, वेळा आधी जाहीर होतात, लाल बावटा दिसला तर त्या हद्दीत पाय टाकायचा नाही, डबा कितीही जवळ असो. आणि उचललेला दगड होता तसाच परत.

तुमची पोरं बारा-तेराची असतील आणि घरात नकाशा वाचायची आवड असलेलं कुणी असेल, तर आधी लेटरबॉक्सिंग करून बघा असंच मी म्हणेन, फक्त यादी ताजी घ्या. लहान असतील तर मला नाही वाटत.

बाबा पुढच्या जूनमध्ये परत येतायत. त्यांनी आत्ताच व्हॉट्सॲपवर विचारलंय की क्रॅनमियर पूलला चालत जायला किती तास लागतात. मी ते वाचून दाखवलं तर मुलाने मान वर न करता विचारलं, तिथला डबा शेवटचा कधी मिळाला होता.