ग्लायकोलिक पील की सॅलिसिलिक?

पील म्हणजे चेहऱ्यावर आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं. कॉलेज रोडवरच्या दवाखान्यात दोन्ही करून झालीत, म्हणून सांगते. मुरमं, तेलकट नाक, ब्लॅकहेड्स असतील तर सॅलिसिलिकच. ते तेलात विरघळतं, त्यामुळे थेट रंध्रात उतरतं. साधारण 20 ते 30 टक्क्यांचं लावतात. थोडी चुणचुण, मग चेहऱ्यावर पांढरी भुकटी धरते. आरशात पाहिलं तर गिरणीतून पीठ दळून आल्यासारखी दिसत होते! गरोदरपणात किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र नको.

ग्लायकोलिक डागांवर, निस्तेज त्वचेवर बरं. पण ते वेळेत न्यूट्रलाइज केलं नाही, म्हणजे आम्लाचा असर थांबवला नाही, तर त्वचा भाजते, म्हणून घरी प्रयोग नकोच.

द्राक्षाच्या हंगामात दिवसभर बागेत उन्हात असाल, तर दोन्ही पुढे ढकला. पीलनंतर त्वचेला ऊन जास्त बाधतं, आणि सनस्क्रीन घामात फार वेळ टिकत नाही.