युरेनियमच्या खाणींचे शेअर : खाणपट्ट्यातल्या गुंतवणूकदारासाठी एक तुलना

डिचोलीतल्या माझ्या एका परिचितांनी आपल्या नावावरचे शेवटचे दोन ट्रक विकले, आणि त्या रकमेतले आठ-नऊ लाख रुपये युरेनियम काढणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या शेअरमध्ये घालावेत का, असे मला विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज उभारण्याचे लक्ष्य केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केले आहे, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या शांती कायद्याने अणुवीजनिर्मितीत खासगी कंपन्यांना प्रवेश दिला आहे, आणि जगभर बंद पडलेल्या अणुभट्ट्या पुन्हा सुरू करण्याची भाषा ऐकू येत आहे. त्यांना तोंडी दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, म्हणून त्यांच्यापुढे असलेले पर्याय येथे शेजारी शेजारी मांडून पाहत आहे.

तुलनेला मोजपट्टी लागते, आणि गोव्यातल्या माणसाला ती बाहेर शोधावी लागत नाही. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. या सर्व काळात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे येथल्या डोंगरांतले खनिज जिथल्या तिथे होते, मांडवीत बार्ज होते, मुरगावला बंदर होते. नव्हती ती फक्त उत्खननाची परवानगी. जुन्या लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, ही गोष्ट कागदावर स्पष्ट लिहिलेली होती. कर्ज काढून ट्रक घेताना आमच्या घरात कोणीही तो कागद पाहण्याचा विचार केला नाही, आणि त्याची किंमत आम्ही अनेक वर्षे हप्त्यांनी फेडली.

त्या काळातली आणखी एक गोष्ट गुंतवणूकदाराने लक्षात घ्यावी. सेसा गोवा या इथल्या खाण कंपनीचा शेअर ज्यांच्याकडे होता, त्यांच्या हाती २०१३ च्या विलीनीकरणानंतर जस्त, अॅल्युमिनियम, तांबे आणि तेल अशा अनेक व्यवसायांच्या कंपनीचा शेअर आला, आणि तीच कंपनी पुढे वेदांता झाली. म्हणजे खाण बंद पडली तरी भागधारकाकडे दुसरे काहीतरी शिल्लक राहिले. ज्याचे सर्वस्व एकाच लीजवर, एकाच ट्रकवर होते, त्याच्याकडे राहिले नाही. युरेनियमच्या कंपन्या तोलतानाही मी हाच प्रश्न आधी विचारतो : या कंपनीचे किती उत्पन्न एकाच सरकारच्या एकाच सहीवर अवलंबून आहे?

या कसोटीवर सर्वांत दुबळा पर्याय म्हणजे एकाच प्रकल्पाच्या जोरावर उभ्या असलेल्या छोट्या कंपन्या, आणि दुर्दैवाने समाजमाध्यमांवर ‘दहापट होईल’ म्हणून याच कंपन्यांची नावे सर्वाधिक फिरतात. गोव्हिएक्स या कंपनीचा नायजरमधला मादौएला प्रकल्प अनेक वर्षांच्या तयारीनंतर बांधणीच्या उंबरठ्यावर होता. जुलै २०२३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या राजवटीने तो परवाना काढून घेतला. ग्रीनलँडमधल्या क्वानेफिएल्ड साठ्यावर उभ्या असलेल्या कंपनीची अडचण तर लोकशाही मार्गाने आली : निवडणुकीत याच खाणीचा मुद्दा गाजला आणि २०२१ मध्ये संसदेने युरेनियम उत्खननावर कायद्यानेच बंदी घातली. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये आलेल्या सरकारने आधी मंजुरी मिळालेले चार प्रकल्प वगळून नव्या खाणींना नकार दिला. यांपैकी एकाही ठिकाणी जमिनीतले खनिज कमी झालेले नव्हते.

सरकार अनुकूल असले तरी वेळ लागतोच. कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतातला नेक्सजेन कंपनीचा अॅरो हा साठा २०१४ मध्ये सापडला. प्रांतिक पर्यावरण मंजुरी २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मिळाली, आणि २०२५ संपले तरी तिथून एक किलोही युरेनियम बाहेर पडलेले नव्हते. साठा उत्तम आहे, प्रांत खाणींना अनुकूल आहे, आणि तरीही अकरा वर्षे भागधारक केवळ वाट पाहत आहेत. साठीच्या जवळ आलेल्या माणसाने या गोष्टीला फार महत्त्व द्यावे.

आता मोठ्या कंपन्यांकडे वळू, कारण खरी निवड तिथे आहे. कझाकस्तानची कझाटोमप्रोम आणि कॅनडाची कॅमेको या दोन नावांशिवाय हा उद्योग समजतच नाही. जगातल्या युरेनियमपैकी सुमारे ४० टक्के कझाकस्तानातून येते. तिथे डोंगर फोडावा लागत नाही. बोअर मारून खनिजाच्या थरात गंधकाम्ल सोडतात आणि विरघळलेले युरेनियम पंपाने वर ओढतात, त्यामुळे उत्पादनखर्च जगात सर्वांत कमी असणाऱ्यांत गणला जातो. या कंपनीचे तीन चतुर्थांश भागभांडवल सरकारकडे असून उरलेले २०१८ पासून लंडन आणि अस्ताना येथे खरेदी-विक्रीस उपलब्ध आहे. सरकारच मालक असल्याने लीज रद्द होण्याची भीती कमी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सरकारला पैसा हवा असेल तेव्हा ते लीज रद्द करण्याऐवजी कर वाढवते. तिथला उत्खनन कर २०२५ मध्ये ६ टक्क्यांवरून ९ टक्के झाला, आणि २०२६ पासून तो उत्पादनाच्या प्रमाणात चढत जाऊन मोठ्या खाणींसाठी १८ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला, शिवाय बाजारभाव वाढला तर अडीच टक्क्यांपर्यंत अधिक भार. याचा अर्थ असा की, भाव वाढल्यावर होणाऱ्या नफ्याचा मोठा वाटा भागधारकाच्या आधी सरकार उचलते. त्यातच गंधकाम्लाच्या टंचाईमुळे कंपनीला २०२५ साठीचे उत्पादनाचे उद्दिष्ट खाली आणावे लागले.

कॅमेकोच्या मॅकआर्थर रिव्हर आणि सिगार लेक या खाणींतले खनिज जगातल्या सर्वांत समृद्ध खनिजांत मोडते. लोहखनिजाची प्रत पाहून भाव ठरवणाऱ्या आपल्या लोकांना या गोष्टीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. मात्र या खाणी खोल आणि पाणथळ भूस्तरात आहेत : सिगार लेकमध्ये २००६ साली पाणी घुसले आणि उत्पादन सुरू व्हायला २०१४ उजाडले. भाव पडलेले असताना कंपनीने २०१८ च्या सुरुवातीला मॅकआर्थर रिव्हर स्वतःहून बंद ठेवली आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू केली. तोट्यात माल विकण्यापेक्षा तो जमिनीत ठेवणे ज्या कंपनीला परवडते, ती कंपनी माझ्या मते अधिक विश्वासार्ह आहे. २०२३ मध्ये तिने वेस्टिंगहाऊस या अणुभट्ट्यांच्या कंपनीचा ४९ टक्के वाटा घेतला, त्यामुळे तिचे उत्पन्न आता केवळ खाणीवर टेकलेले नाही. सेसा गोवाच्या भागधारकाला ज्याने वाचवले, ते या रचनेत काही प्रमाणात आहे.

तरीही कॅनडा म्हणजे निर्धोक असे समजू नये. ब्रिटिश कोलंबिया या त्यांच्याच प्रांताने २००८ मध्ये युरेनियम उत्खननावर बंदी घातली. फरक इतकाच की, तिथे बॉस पॉवर या परवानाधारक कंपनीला पुढे तीन कोटी डॉलरची भरपाई मिळाली. खुद्द कॅमेकोचा ४० टक्के वाटा असलेली कझाकस्तानातली इन्काई खाण जानेवारी २०२५ मध्ये सुमारे तीन आठवडे बंद राहिली, आणि कारण होते ते मंजुरीची कागदपत्रे वेळेत न झाल्याचे. ही बातमी वाचताना मला आमच्याकडची लीज आठवल्यावाचून राहिली नाही.

दोघींत निवड करायची तर मी कॅमेकोच्या बाजूने आहे. तिचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात असल्याने भारतातून घेणे सोपे आहे, तर कझाटोमप्रोम आपल्याकडच्या बहुतेक ब्रोकरांमार्फत मिळत नाही. कझाटोमप्रोम स्वस्त दिसते, पण तिच्या स्वस्तपणात कराची आणि राजकारणाची वजावट आधीच झालेली आहे.

येथे एक उलटसुलट वाटणारी गोष्ट समजून घेतली पाहिजे. एखादे सरकार खाण बंद करते तेव्हा त्या खाणीच्या भागधारकाचे नुकसान होते, परंतु बाजारातला पुरवठा घटल्याने उरलेल्यांचा माल महाग होतो. म्हणूनच सरकारी धोरण बदलत असताना खाणीचा शेअर घेणे आणि खुद्द युरेनियम घेणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. टोरांटोच्या बाजारात नोंदलेला स्प्रॉट फिजिकल युरेनियम ट्रस्ट २०२१ पासून, आणि लंडनमधली यलो केक ही कंपनी २०१८ पासून, प्रत्यक्ष युरेनियम विकत घेऊन साठवतात. त्यांना लीज नाही, खाणीत पाणी भरत नाही, कामगारांचा संप नाही. पण लाभांशही नाही, आणि युनिटचा भाव साठ्याच्या मूल्यापेक्षा बराच खाली जाऊ शकतो. शिवाय युरेनियमचा भाव सोन्यासारखा धीमा चालत नाही : २००७ मध्ये एका वजनी पौंडाला सुमारे १३६ डॉलर, जपानमधल्या फुकुशिमा अणुअपघातानंतरच्या मंदीत २०१६ च्या अखेरीस १८ च्या आसपास, जानेवारी २०२४ मध्ये १०० च्या वर आणि मार्च २०२५ मध्ये ६५ च्या घरात. खाण कंपन्यांच्या बाबतीत हे हेलकावे अधिक तीव्र होतात. लँगर हाइनरिक खाणीची मालक पॅलाडिन ही ऑस्ट्रेलियन कंपनी २००७ च्या तेजीत गुंतवणूकदारांची लाडकी होती. २०१७ मध्ये ती कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेली.

ज्याला एकाच कंपनीवर भिस्त ठेवायची नाही, त्याच्यासाठी ईटीएफ, म्हणजे अनेक कंपन्यांच्या शेअरची टोपली असलेले आणि बाजारात शेअरसारखेच विकले जाणारे फंड, आहेत. ग्लोबल एक्सच्या युरेनियम ईटीएफचा वार्षिक खर्च ०.६९ टक्के असून त्यात खाणींबरोबर अणुभट्ट्यांचे भाग बनवणाऱ्या कंपन्याही आहेत. स्प्रॉटच्या युरेनियम मायनर्स ईटीएफमध्ये खाणींवर अधिक भर असून स्प्रॉटचा प्रत्यक्ष साठ्याचा ट्रस्ट आणि कझाटोमप्रोमही त्यात येतात. एका देशातला परवाना गेला तर टोपलीतल्या दुसऱ्या कंपनीला त्याचा लाभ मिळतो, हा तिचा खरा गुण. परंतु फुकुशिमासारखी घटना घडली तर सगळी टोपलीच खाली येते, आणि तिथे वैविध्याचा काही उपयोग होत नाही.

भारतातच काही घेता येईल का, हे परिचितांनी दोनदा विचारले. झारखंडमधल्या जादुगुडापासून काम करणारी युरेनियम कॉर्पोरेशन ऑफ इंडिया १९६७ पासून सरकारी आहे आणि तिचा शेअर बाजारात नाही. काणकोणच्या पलीकडे कैगा येथे अणुवीज तयार होते, पण ते केंद्र चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचाही शेअर बाजारात नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती करून लिथियम, टायटॅनियम आदी सहा खनिजे अणुखनिजांच्या यादीतून काढली, तेव्हाही युरेनियम यादीतच ठेवले गेले. एनटीपीसी किंवा लार्सन अँड टुब्रो यांचा अणुऊर्जेशी संबंध आहे, पण त्यांच्या उलाढालीत तो भाग लहान आहे. ते शेअर चांगले असतील तर त्यांच्या गुणांवर घ्यावेत, युरेनियम म्हणून नव्हे.

परदेशी शेअरसाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात. एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वर गेल्यास वरच्या रकमेवर २० टक्के कर आगाऊ कापला जातो आणि विवरणपत्रात तो वळता होतो. परिचितांची रक्कम त्या मर्यादेच्या आत राहते. चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो. अमेरिकेत नोंदलेल्या ईटीएफवर मृत्यूनंतर तिथला वारसा कर लागू शकतो आणि अनिवासी परदेशी व्यक्तीला त्यात केवळ ६०,००० डॉलरपर्यंत सूट आहे. कॅमेको ही कॅनडाची कंपनी असल्याने तिच्या शेअरला हा कर लागत नाही. परदेशी मालमत्ता विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे.

गोवेकराला आणखी एक नियम लागू होतो, जो मुंबईचा सल्लागार बहुधा सांगणार नाही. पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५अ म्हणून आलेल्या तरतुदीप्रमाणे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. म्हणजे शेअर पतीच्या नावावर असला तरी त्याच्या नफ्यातला अर्धा भाग पत्नीच्या विवरणपत्रात जातो, आणि अर्थातच पैसे घालण्याआधी तिचा होकार घेणेही उचित ठरते.

परिचितांना मी शेवटी असे सांगितले : त्यांचे घर आणि दुकान दोन्ही डिचोलीत आहेत, आणि लीजांच्या नव्या लिलावानंतर पुन्हा सुरू होत असलेल्या खाणींवर त्या दुकानाचा गल्ला आजही अवलंबून आहे, म्हणजे खाणधोरणाचा धोका त्यांनी आधीच पत्करलेला आहे. आठ लाखांपैकी दीड लाखाच्या वर या क्षेत्रात घालू नये. त्यातला एक लाख ईटीएफमध्ये वर्षभरात चार हप्त्यांनी, आणि हवेच असेल तर पन्नास हजार कॅमेकोत. छोट्या कंपन्यांपैकी एकही नको. उरलेल्या साडेसहा लाखांसाठी त्यांनी बँकेतल्या मुदत ठेवीचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यांच्या पत्नीचेही तेच आहे.