कलम 164 की 166?

कारच्या धडकेत मांडीचं हाड मोडलेल्या मावसभावाने विचारलं, "दादा, भरपाईचा दावा कोणत्या कलमाखाली लावू?"

मोटार वाहन कायद्याच्या 164 खाली चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. पण गंभीर दुखापतीला ठरलेले अडीच लाखच मिळतात.

166 खाली चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पंचनामा, साक्षीदार, अपंगत्वाचा दाखला, पगाराच्या पावत्या, सगळं जमवताना जीव मेटाकुटीला येतो. मात्र बुडालेली कमाई, पुढचे उपचार, सोसलेल्या वेदना, सारं मोजलं जातं. रक्कम आधी ठरलेली नसते.

पुरावा तोकडा असेल, हाड नीट जुळलं असेल, तर 164. पाय कायमचा अधू झाला असेल तर 166च लाव, आणि तोही अपघातापासून सहा महिन्यांच्या आत.