एका 'टक'साठी पाच कोश: शिकागो विद्यापीठाच्या शब्दकोश-संचाचे परीक्षण

लग्न ठरते, भाव ठरतो आणि लखलखाटात नजर ठरत नाही. खिळा लाकडात ठोकतात, नजर मात्र चेहऱ्यावर खिळते. बंदूक रोखतात तशी नजरही रोखतात. वस्तू जागच्या जागी पक्की करणे आणि एखाद्या गोष्टीकडे न हलता पाहत राहणे, या दोन्ही कामांना मराठी बरीचशी एकच अवजारे वापरते. कोश तपासायला हा शब्दगट फार चांगला. इथे नुसत्या नामाचा अर्थ देऊन भागत नाही. त्या नामाबरोबर कोणते क्रियापद जाते, नाम एकवचनी की अनेकवचनी, पुढे 'वर' येते की 'कडे', हे सगळे सांगावे लागते. कोश इथे उघडा पडतो किंवा मन जिंकतो.

शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया' या जालावरच्या संचात मराठीचे पाच कोश आहेत: मोल्सवर्थ (1857 ची दुसरी आवृत्ती), वझे यांचा आर्यभूषण शालेय कोश (1911), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938 आणि नंतरची पुरवणी), मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश (1982-83) आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (1999). पैसे नाहीत, खाते उघडणे नाही. फुकट मिळते म्हणून सूट देण्याचे मात्र कारण नाही.

पहिली ठेच लेखनाची. मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे हे तिन्ही 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे. त्यांत क्रियापदे 'णें'ने संपतात: न्याहाळणें, निरखणें, खिळणें. 'दृष्टी' तिथे 'दृष्टि' असते. आजच्या सवयीने 'न्याहाळणे' टाकून नेमका जुळणारा शब्द मागितला की शोध हुलकावणी देतो आणि वाचक समजतो, कोशात शब्दच नाही. त्यावर उपाय सोपा आहे. शेवटचे 'णे' तोडायचे, 'न्याहाळ', 'निरख', 'खिळ' एवढेच टाकायचे आणि 'या अक्षरांनी सुरू होणारे' असा पर्याय निवडायचा. तरीही सापडले नाही तर स्वर बदलून पाहावे, कारण न्याहळ, न्याहाळ, निहाळ अशी रूपे जुन्या लेखनात शेजारी शेजारी नांदतात. रोमन लिपीतही शोध घेता येतो, पण ळ आणि ल, ण आणि न यांत गोंधळ व्हायचा नसेल तर देवनागरीच बरी.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक वापरतात आणि या सेवेचे खरे बळ तिच्यातच आहे: फक्त मुख्य शब्दांत न शोधता संपूर्ण मजकुरात शोधणे. मोल्सवर्थच्या मजकुरात 'गेझ' किंवा 'स्टेअर' हे इंग्रजी शब्द रोमन लिपीत शोधले की मराठी-इंग्रजी कोश उलटा फिरून इंग्रजी-मराठी होतो. पाहण्याच्या नाना तऱ्हांचे मराठी शब्द एका रांगेत उभे राहतात, त्यांतले निम्मे आपण विसरलेले. तेच 'फिक्स' शोधून पाहा. ठरवणे, नेमणे, बसवणे, रोवणे, जडवणे, खिळवणे अशा जातीच्या शब्दांचा ढीग पुढ्यात येतो आणि त्यातून नजरेपुरते वेचायचे काम आपल्यावर पडते. दोन शब्द जोडून शोध अरुंद करावा आणि मोल्सवर्थची इंग्रजी एकोणिसाव्या शतकातली आहे हे ध्यानात ठेवावे. आजच्या बोलीतला इंग्रजी शब्द तिथे नसेल, तेव्हाचा भारदस्त प्रतिशब्द असेल.

मोल्सवर्थची खूणभाषा आधी समजून घ्यावी, नाहीतर नोंदीतला अर्धा माल वाया जातो. नामाच्या नोंदीत लहान 'व्ही' अक्षरापुढे लाव, लाग, कर, दे अशी धातुरूपे येतात. ते या नामाचे सोबती, म्हणजे बोलताना कोणते क्रियापद जोडायचे याचा आयता सल्ला. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, एच म्हणजे हिंदुस्तानी. कुणाला उद्देशून वाक्य कसे बांधायचे तेही संक्षेपांत सांगितलेले असते. पडद्यावर मात्र हे संक्षेप नुसते छापलेत. बोट ठेवले तर उलगडत नाहीत, प्रस्तावनेतली यादी वेगळी शोधावी लागते. इतक्या वर्षांत एवढी सोय व्हायला हवी होती.

सोबती क्रियापद का महत्त्वाचे, ते 'लागणे'वरून दिसते. टक लागली म्हणजे नजर स्थिरावली. नजर लागली म्हणजे दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवा. डोळा लागला म्हणजे झोप आली. डोळे लागले म्हणजे कुणाची तरी वाट पाहणे चालू आहे. एकाच क्रियापदाने, निव्वळ वचन बदलून, जागे माणूस झोपवले! याशिवाय 'डोळा ठेवणे' म्हणजे पाळत किंवा हाव, 'नजर ठेवणे' म्हणजे बहुतेक वेळा पाळतच. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करणारी यंत्रे याच ठिकाणी तोंडावर पडतात, आणि मराठी शिकणारी परदेशी माणसेही.

या कामात दाते-कर्वे सगळ्यांच्या पुढे. मराठीचा अर्थ मराठीत, जुन्या वाङ्मयातली अवतरणे, वाक्प्रचार आणि चौकटी कंसात व्युत्पत्ती. अडचण मांडणीची. 'डोळा'सारख्या नोंदीत वाक्प्रचारांची अशी रीघ आहे की संगणकाच्या पडद्यावर तो एकच अखंड परिच्छेद होऊन बसतो. छापील पानावर ठळक अक्षरे डोळ्यांना आधार देतात. इथे ब्राउझरचा पानातला शोध (कंट्रोल आणि एफ) उघडून 'खिळ', 'लाव', 'रोख' टाकल्याशिवाय काही हाती लागत नाही. वाक्प्रचार बहुधा नामाखाली असतो, क्रियापदाखाली नव्हे, म्हणून 'नजर खिळणे' हवे असेल तर आधी 'नजर' आणि 'डोळा' उघडा, मग 'खिळणें'. याच संपादकांचा वाक्संप्रदाय कोश या पाचांत नाही आणि ही उणीव या शब्दगटाला चांगलीच जाणवते.

'रोख' हा शब्द वेगळा तपासावा. रोखीने दिलेले पैसे, बोलण्याचा रोख आणि वाट रोखणे, या तिघांचा चेहरा एक असला तरी ती एकाच घरची मंडळी नाहीत. दिशा या अर्थाचा रोख फारसी 'रुख'कडून आला, म्हणजे तोंड, चेहरा. 'रोखून पाहणे' त्याच्या जवळचे: तोंड फिरवून नेमके तिकडेच पाहणे. त्यात एक आव्हान किंवा राग असतो, तो 'टक लावून पाहणे'मध्ये नसतो. न्याहाळणे आणि निरखणे यांत तर डोळा स्थिर नसतोच. तो वस्तूवरून फिरतो, कानाकोपरा टिपतो. साडी निरखतात, बाळाला न्याहाळतात, दिव्याच्या ज्योतीवर टक लावतात. 'टकमक' आणखी निराळे: भांबावलेल्या किंवा नवखेपणाने मोठ्या झालेल्या डोळ्यांचे. अर्थ इंग्रजीत देणाऱ्या कोशांत हे सगळे 'लक्षपूर्वक पाहणे'च्या एका पोत्यात जाण्याचा धोका असतो. म्हणून अर्थाची छटा हवी असेल तर मोल्सवर्थवर थांबू नये, दाते-कर्वे उघडून अवतरणे वाचावीत. बर्नसन यांचा कोश यापुढे अगदी सडसडीत, पण रोजच्या बोलण्यातले मराठी शिकणाऱ्याला तोच आधी द्यावा. वझे शाळेपुरते. तुळपुळे-फेल्डहाउस संतांच्या आणि महानुभावांच्या मराठीसाठी. तिथे आजच्या रूपाने शब्द शोधला की सहसा निराशाच येते.

मुळाकडे जायचे तर याच संचातला टर्नर यांचा इंडो-आर्यन भाषांचा तौलनिक कोश उघडावा. 1966 साली पूर्ण झालेला, साडेचौदा हजारांहून जास्त क्रमांकित नोंदींचा. मुख्य शब्द संस्कृत किंवा कल्पित मूळरूप, सगळे रोमन लिपीत, आणि खाली भाषाभाषांतली वंशावळ. मराठीची खूण 'एम'. इथेही संपूर्ण मजकुरात मराठी रूप शोधणे सोयीचे, कारण मूळ शब्द आधी ठाऊक असता तर कोश उघडलाच नसता. 'न्याहाळणे' हे 'निभालयति'चे वारस, गुजरातीतले निहाळवुं आणि हिंदीतले निहारना ही त्याची भावंडे. 'निरखणे'मागे निर् अधिक ईक्ष्. हिंदीतले 'ताकना' आले 'तर्कयति'पासून: आधी तर्क करणे, मग अंदाज घेत पाहणे, मग नुसतेच पाहत राहणे. खिळ्याचे घराणे 'कील'कडे जाते. दाते-कर्व्यांच्या चौकटी कंसातली व्युत्पत्ती टर्नरशी ताडून घ्यावी. दोघे जुळले तर बरे, न जुळले तर सहसा नंतरच्या टर्नरकडे झुकावे.

संस्कृतसाठी या संचात आपट्यांच्या कोशाची 1957-59 ची सुधारित पुणे आवृत्ती आहे. मोनियर-विल्यम्सचा 1899 चा कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जास्त नीट चालतो. संस्कृत या बाबतीत खिळ्यापेक्षा पापणीकडे जास्त पाहते: अनिमिष, निर्निमेष. देवांची पापणी लवत नाही, म्हणून तेही अनिमिष. कन्नडचे 'एवेयिक्कदे नोडु' याच वाटेचे, पापणी न मिटता पाहणे. हठयोगप्रदीपिकेतली त्राटकाची व्याख्या मात्र खिळलेली नजर आणि न लवणारी पापणी या दोन्हींना कवेत घेते: सूक्ष्म लक्ष्याकडे निश्चल दृष्टीने, अश्रू येईपर्यंत पाहणे. आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकात मागे वळून रथाकडे पाहणाऱ्या हरणाला काही प्रतींत 'दत्तदृष्टि' म्हटले आहे, तर काहींत 'बद्धदृष्टि'. नजर दिली की बांधली, हा पाठभेदाचा प्रश्न. हिंदी-उर्दूने 'बांधणे' उचलले, 'टकटकी बाँधना'. ते याच संचातल्या प्लॅट्सच्या 1884 च्या कोशात शोधावे. 'आँखें गाड़ना' म्हणजे तर सरळ डोळे रोवणे.

फारसीसाठी श्टाइनगासचा 1892 चा कोश. फारसीत नजर शिवतात: 'चश्म दोख्तन', शब्दशः डोळा शिवणे. पुढचे अव्यय सांभाळा. 'बे' लावले तर एखाद्यावर नजर खिळवणे, 'अज़' लावले तर तिकडून डोळा मिटून घेणे. तुर्कीतही 'गोझ दिकमेक'. 'दिकमेक' म्हणजे शिवणे आणि रोवणेही. त्याचा अर्थ हाव धरण्याकडे झुकतो, अगदी आपल्या 'त्याचा त्या जमिनीवर डोळा आहे' सारखा.

तुर्की मात्र या संचात नाही, आणि इथून पुढे ही सेवा संपते. युरोपीय भाषांसाठी वेगळी दारे ठोठवावी लागतात. जर्मनसाठी ग्रिम बंधूंनी सुरू केलेला आणि 1961 साली पुरा झालेला कोश जालावर आहे. तिथे 'श्टार' म्हणजे ताठर आणि 'श्टारेन' म्हणजे टक लावणे एकमेकांच्या शेजारी भेटतात. इंग्रजीचे 'स्टेअर' त्याच कुळातले. लॅटिन 'फिगेरे' म्हणजे ठोकणे, रोवणे, आणि त्यातून 'फिक्स'. फ्रेंचमध्ये 'फिक्से' माणसाला लावून 'एकटक पाहिले' हा अर्थ रुळू लागला तेव्हा व्हॉल्तेरने तक्रार केली: त्या बाईकडे रोखून पाहिले, की तिचे चंचल मन स्थिर केले, हे कळायचे कसे? लित्रेच्या फ्रेंच कोशात हा वाद वाचायला मिळतो. चिनी 'डिंग', म्हणजे टक लावणे, लिहिताना डोळ्याच्या खुणेशेजारी जे अक्षर येते तेच धातूच्या खुणेशेजारी आले की 'खिळा' होतो. ते अक्षर मुळात उच्चार दाखवायला आहे, त्यामुळे 'चिनी लोक डोळ्यांनी खिळे ठोकतात' असे फेसबुकी निष्कर्ष काढू नयेत.

मराठीपुरतेच काम असेल आणि पाच कोश पाच वेळा उघडण्याचा कंटाळा असेल, तर 'बृहद्कोश' या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकाच शोधात चाळता येतात. पटकन अर्थ पाहायला ते सोयीचे. शिकागोचा संच उघडावा तो इंग्रजीतून उलटा शोध, टर्नर आणि शेजारच्या भाषांचे जुने कोश यांसाठी. नोंदीबरोबर छापील पानाचा क्रमांक येतो, त्यामुळे लेखात संदर्भ देता येतो. टंकनाच्या चुका अधूनमधून आहेत, विशेषतः जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत. म्हणून उद्धृत करण्याआधी त्याच क्रमांकाचे पान मूळ ग्रंथाच्या छायाप्रतीत एकदा पाहून घ्यावे.