हुसाविकची व्हेल सफारी भारी, एजंट मात्र बेकार

जूनमध्ये आइसलँडला हुसाविकची ३ तासांची बोट केली. आमचा नाशिकचा एजंट म्हणे उन्हाळाय, स्वेटर पुरेल, अहो कसला उन्हाळा, त्यापेक्षा जानेवारीतलं गंगापूर धरण बरं! बोटवाल्यांनी जाड ओव्हरऑल दिले म्हणून वाचलो. हंपबॅक जातीचा व्हेल दोनदा दिसला, आधी फुस्स करून फवारा, मग पाठ, मग शेपूट, त्याच्या खालचे काळेपांढरे डाग प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरूनच ओळखतात. पण मला आवडले ते पफिन पक्षी, रंगीत चोचीचे गोलमटोल, मिनिटाला ४०० च्या आसपास पंख मारतात तरी आत्ता पडतील असंच वाटतं. बायको निम्मा वेळ आवळासुपारी चघळत डोळे मिटून. बोट लागत असेल तर गोळी आधीच घ्या. आणि डेकवर चिवडा उघडू नका, आमचा निम्मा समुद्रात गेला.